भाऊजींची बिनपगारी ड्यूटी

आमच्या धाकट्या भाऊजींइतका वेळेवर कामाला जाणारा बेकार माणूस मी उभ्या जबलपुरात दुसरा पाहिला नाही. नोकरीवाले लोक आजारी पडतात, लग्नाकार्याला जातात, आज जरा कणकण वाटते म्हणून पांघरूण ओढून घेतात. भाऊजींना ती सोय नव्हती. नोकरीच नाही, तर सुट्टी मागायची कोणाकडे? म्हणून मग ते रोज जायचे. पहाटे पाचला उठून, दाढी करून, पायजम्याला सायकलच्या क्लिपा लावून, हँडलला डबा अडकवून निघायचे. आणि तो डबा करायला मी पाचाच्याही आधी उठायची. माझ्या नवऱ्याचं दप्तर दहाचं, सासऱ्यांना पेन्शन, घरात पहाटे उठायचं काम कोणालाच नाही. पण ज्याला पगार नाही त्याच्या डब्यासाठी मी चूल फुंकून राहिले, हे आठवलं की मला आजही माझंच हसू येतं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, नुसता रस्ताच पाहायचा तर रिकामा डबा न्या ना." तर मला म्हणाले, "रिकाम्या डब्यानं तोल कळत नाही, वहिनी. चढावर भरलेल्या डब्यानं हँडल कसं ओढतं, ते पाहायला पाहिजे."

तर हे असं होतं. भाऊजी नोकरी शोधताना नोकरी पाहायचे नाहीत, तिचा रस्ता पाहायचे. पगार किती, हुद्दा कोणता, साहेब कसा, याची चौकशी मामंजी करायचे. भाऊजींची चौकशी वेगळीच. फाटक किती वेळ बंद असतं, चढ कुठं लागतो, वाटेत कुत्री कोणत्या स्वभावाची आहेत. त्यांचं म्हणणं, "काम आठ तास. तिथं पंखा असतो, खुर्ची असते, चार माणसं असतात. खरी नोकरी रस्त्यावरच होते." त्यामुळे कुठून अर्जाचं उत्तर आलं, की इंटरव्ह्यूच्या आधी भाऊजी त्या जागी जाऊन यायचे. एकदा नाही. दहादा, पंधरादा. ऐन वेळेला निघून, ऐन वेळेला परतून. आणि सगळं वहीत लिहायचे. प्रत्येक नोकरीची वही वेगळी. मामंजी म्हणायचे, "आमच्या पोरानं मुलगी कधी पाहिली नाही. नुसता सासरचा रस्ता पाहून येऊन राहिला."

कमानिया गेटजवळच्या एका कापडाच्या पेढीवर त्यांना हिशेबनीसाची जागा चालून आली होती. आमच्या चेरीतालहून पायी जाता येईल इतकी जवळ. सासूबाईंनी पेढे आणायला पैसेही काढले. भाऊजी चार दिवस जाऊन आले आणि नको म्हणाले. काहून? तर जवळ पडते! "घरचं भांडण डोक्यातून उतरायला दीड मैल लागतो," त्यांनी मला समजावून सांगितलं, "आणि कामाचं डोक्यात चढायला दीड मैल. तीन मैलांच्या आतली नोकरी घेतली तर माणूस घरी दुकानदार अन् दुकानात घरमालक होतो." मी म्हटलं, "आपल्या घरात भांडणं कुठं होतात?" तर म्हणाले, "मी नाही म्हटल्यावर आता होईल ना." झालंच. मामंजी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग कटनीचं एक काम आलं. चुन्याच्या भट्टीवर मुनीम. ते लांब, रेल्वेनं जायचं. भाऊजी पॅसेंजरनं तीन दिवस जाऊन आले. इंटरव्ह्यू घेणाऱ्या शेठजींनी यांचं अक्षर पाहिलं, गणित पाहिलं, खूश झाले आणि म्हणाले, आपको कुछ पूछना है? आता कोणी पगार विचारेल, राहायची जागा विचारेल. भाऊजींनी विचारलं, "भट्टीचा धूर संध्याकाळी स्टेशनाकडे येतो की उलटीकडे?" शेठजींनी दुसरा माणूस ठेवून घेतला. सदरमधल्या एका मोठ्या दुकानाचा रस्ता मात्र त्यांना फार आवडला होता. दोन्ही बाजूंनी झाडं, चढ नाही, छावणीतला म्हणून झाडलेला. पण दुकानात गेल्यावर कळलं की जागा महिन्याभरापूर्वीच भरली. हे महिनाभर रस्ताच पाहून राहिले होते.

हे सगळं मी हसत हसत सांगते खरी, पण तेव्हा घरात हसण्यासारखं काही नव्हतं. पासष्टच्या लढाईचे दिवस. आमच्या खिडक्यांना काळे कागद लागलेले, सायकलच्या दिव्याच्या काचा वरून अर्ध्या काळ्या रंगवलेल्या. रांझीच्या पलीकडचा कारखाना दोन-दोन पाळ्यांत चालून राहिला होता आणि रोज नवीन माणसं घेऊन राहिले होते. गल्लीतली मॅट्रिक नापास पोरंसुद्धा चिकटली. आणि आमचे भाऊजी इंटर पास होऊन घरी. त्यात येत्या मार्गशीर्षात त्यांना पंचवीस पुरी होत होती, आणि सरकारी नोकरीचं दार पंचविशीला बंद व्हायचं. म्हणजे ही लढाईतली भरती हुकली, की जन्मभर कोणाच्या तरी पेढीवर. अशात कारखान्यातून इंटरव्ह्यूचा कागद आला, स्टोअरमधल्या कारकुनाच्या जागेसाठी. तारीख दोन महिने पुढची. मामंजींनी कागद देवापुढं ठेवला आणि भाऊजींना म्हणाले, "हे बघ, इंटरव्ह्यूची तयारी कर." भाऊजी दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तयारीला लागले. म्हणजे सायकलवरून.

सात मैल जायचं, सात मैल यायचं. चेरीतालहून तेव्हा कारखान्याच्या कामगारांचा तीसेक सायकलींचा जथा निघायचा. पुढं दाढीवाले एक चाचा, जुने खरादी, लोखंड कातण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही म्हणत. भाऊजी पहिल्या दिवशी जथ्याच्या मागं चालले, चौथ्या दिवशी मधे, आणि पंधराव्या दिवशी वाऱ्याला तोंड द्यायला पुढं जायची त्यांचीही पाळी लागली. कोणाची सायकल पंक्चर झाली, की सगळे निघून जायचे आणि भाऊजी थांबायचे. खिशात सोल्युशन, रबराचे तुकडे, सगळं असायचं. वहीमुळे त्यांना फाटकाचंही गणित जमलं होतं. "चाचा, आज मंगल है, मालगाडी जल्दी आएगी, जरा पैर मारो." चाचा पैर मारायचे आणि जथा फाटक पडायच्या आत पलीकडे. त्या दोन महिन्यांत चेरीतालच्या लोकांना उशिराचा शेरा बसला नाही म्हणत.

कारखान्याच्या दाराशी पोचले, की भाऊजी म्हणायचे, "चलो, आप लोग चलो, मैं चाय पी के आता हूँ." साडेसातचा भोंगा व्हायचा, सगळे आत. भाऊजी समोरच्या चहाच्या गुमटीवर. चहा प्यायचे, सामान्य ज्ञानाचं पुस्तक वाचायचे, कडुलिंबाखाली माझा डबा खायचे, आणि चारचा भोंगा झाला की जथ्यात सामील होऊन घरी. परतीचा रस्ता पाहिल्याशिवाय नोकरी समजत नाही, हे त्यांचं तत्त्व. मी विचारलं, "दिवसभर काय करता हो तिथं?" तर म्हणाले, "दमतो ना. परतताना माणूस दमलेला पाहिजे. बसून बसून फार दमायला होतं, वहिनी." एवढं सगळं करून त्यांचा निर्णय मात्र झाला नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर डावीकडे रस्त्याचे गुण, उजवीकडे दोष. मोठा दोष असा, की कारखाना पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी येतानाही सूर्य डोळ्यांत. "हा रस्ता शत्रूनंच आखलेला दिसते," ते म्हणायचे. मामंजी ऐकायचे आणि कपाळावर हात मारायचे. "बाबा रे, सूर्याचा इंटरव्ह्यू नंतर घे, आधी आपला दे."

आता तुम्हीच विचार करा. लढाई म्हणायला थांबलेली, पण खिडक्यांचे काळे कागद अजून तसेच. रेडिओवर रोज सांगतात, अनोळखी माणसावर नजर ठेवा. आणि दारूगोळ्याच्या कारखान्यासमोर एक माणूस पंचेचाळीस दिवस सकाळी साडेसात ते चार बसलेला, मधेमधे वहीत लिहिणारा. मला तर वाटतं पंचेचाळीस दिवस लागले तेच जास्त झाले. इंटरव्ह्यूच्या सहा दिवस आधी दरबानानं येऊन भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि वहीसकट त्यांना सिक्युरिटी ऑफिसरापुढं नेऊन उभं केलं.

ऑफिसर फौजेतून आलेले, मिशा अशा. त्यांनी वही उघडली, तर मराठी. मग आतून एक मराठी हेडक्लार्क बोलावले. त्या बिचाऱ्यांनी थरथरत्या आवाजात एकेक ओळ हिंदी करून वाचली. "सहा बावन्न, फाटक बंद. मालगाडी. डबे एक्केचाळीस, ताडपत्री घातलेले. सहा एकोणसाठ, फाटक उघडले." ऑफिसरांनी पेन खाली ठेवलं. "नाल्यावरच्या पुलियाखाली पाणी नाही. दोन माणसं बसतील इतकी जागा." ऑफिसर उठून उभे राहिले. "दरबान बदलण्याची वेळ, सव्वादोन. जाडा दरबान झोपतो." हे ऐकून तो जाडा दरबान, ज्यानं पकडून आणलं होतं तोच, भिंतीला टेकला. आणि मग शेवटलं पान आलं. सूर्य दोन्ही वेळा डोळ्यांत, उपाय पाहणे. ऑफिसरांनी टेबलावर मूठ आपटली. "ये सूर्य कौन है?"

भाऊजी म्हणाले, "साहब, वही जो ऊपर है."

त्यामुळे प्रकरण आणखी वाढलं. वर कोण, किती वर, याची चौकशी सुरू झाली.

इकडे दुपारी आमच्या दाराशी जीप थांबली. चेरीतालच्या त्या गल्लीत जीप म्हणजे अर्धी गल्ली ओट्यावर. हवालदार मामंजींना म्हणाले, "आपका लड़का कहाँ काम करता है?"

मामंजी सरळ माणूस. म्हणाले, "कहीं नहीं."

"तो रोज़ डिब्बा लेके कहाँ जाता है?"

"काम पे."

हवालदारांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी हवालदारांकडे. मी दाराआड उभी होते. मला कळलं, की आता मामंजी आणखी एक वाक्य बोलले तर भाऊजी फासावर जातील. मी आत गेले, भाऊजींची पत्र्याची ट्रंक ओढून काढली, आणि डोक्यावर पदर घेऊन म्हटलं, "भैया, मुझे ले चलो." सासूबाई देवापाशी बसल्या. नवऱ्याला कळवायलाही वेळ नव्हता. अख्ख्या गल्लीदेखत मी ट्रंकेसह जीपमध्ये बसले. पुढं कित्येक वर्षं मला बाजारात बाया विचारायच्या, त्या ट्रंकेत काय होतं हो?

ट्रंकेत अकरा वह्या होत्या. मी त्या साहेबांच्या टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, "साहब, ये पढ़ लो." हेडक्लार्कांनी कटनीची वही उघडली. "डब्यात खिडकीशी जागा मिळत नाही. शेजारचे गृहस्थ खांद्यावर झोपतात. पहिल्या दिवशी राग आला. तिसऱ्या दिवशी सवय झाली. म्हणून ही नोकरी नको." हेडक्लार्कांचा आवाज थरथरायचा थांबला. मग सदरची वही. "तांबडा कुत्रा. चावत नाही, पण सोबत येतो. त्याला परत कोण पोचवणार?" साहेबांनी मिशांवरून हात फिरवला. मला वाटलं, हा माणूस आता हसणार. हसला नाही, पण खुर्चीत बसला.

तेवढ्यात चारचा भोंगा झाला. बाहेर आल्यावर कोणीतरी जथ्याला सांगितलं असेल, कारण चाचा आणि त्यांच्या मागं तीस माणसं त्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चाचा छाती काढून म्हणाले, "साहब, ये अपना आदमी है. दो महीने से साथ आता है. इसको छोड़ दो."

साहेबांनी विचारलं, "किस सेक्शन में है?"

चाचा म्हणाले, "फिटिंग में." मागून एक म्हणाला, "नहीं चाचा, पेंट में है." तिसरा म्हणाला, "स्टोर में. मैंने खुद देखा है." काय पाहिलं होतं देव जाणे. सगळे एकमेकांकडे पाहून राहिले. भाऊजी खाली पाहून राहिले. तेव्हा कोणीतरी बोलायला हवं होतं आणि तिथं घरचं माणूस मी एकटी. मी म्हटलं, "किसी सेक्शन में नहीं है. उनको नौकरी नहीं है."

भाऊजींचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. हेर म्हणून पकडले तेव्हाही ते शांत होते म्हणत. आता कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाचांनी हळूच विचारलं, "अरे, तो तू रोज़ आता काहे को था?"

"देखने को," भाऊजी म्हणाले, "कि जमेगा क्या."

चाचांनी दाढी कुरवाळली. मग मागं वळून आपल्या माणसांना म्हणाले, "सुना? इसको पगार नहीं मिलता, और हमसे पहले पहुँचता है. और तुम लोग!"

तेव्हा साहेब हसले. हसले तर असे, की बाहेर जाडा दरबानही हसला, कारण त्याला वाटलं झोपेचं मिटलं. वही मात्र त्यांनी ठेवून घेतली. भाऊजींना म्हणाले, इंटरव्ह्यूला ये, पण तोवर या रस्त्याला दिसलास तर खरंच आत टाकीन. ते सहा दिवस भाऊजी घरी होते. पहाटे उठायचे, क्लिपा लावायचे, आणि साडेसहाला जथा गल्लीच्या तोंडाशी घंट्या वाजवत गेला की क्लिपा काढायचे. डबा मी तरीही केला. मागच्या अंगणात बसून खाल्ला त्यांनी.

इंटरव्ह्यूचा दिवस आला. चार साहेब. सगळं नीट झालं म्हणाले, अक्षर पाहिलं, बेरजा करून घेतल्या, देशाच्या संरक्षणमंत्र्यांचं नाव विचारलं. शेवटी मधले साहेब म्हणाले, चेरीतालहून येणार? सात मैल आहे. जमेल?

ज्या एका प्रश्नासाठी या माणसानं जन्मभर अभ्यास केला, तोच प्रश्न. घरी येऊन हे सांगताना भाऊजी थांबले. मी म्हटलं, "मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, साहेब, पावसाळ्यातला रस्ता अजून पाहायचा राहिलाय."

मामंजी खुर्चीतून उठून अंगणात निघून गेले. मी म्हटलं, "अहो भाऊजी, हो म्हणायचं ना! तिथं कोण पावसाळा विचारते?"

"खोटं काहून बोलू, वहिनी? भादव्यात सुरू केलं मी. पुलियावर आषाढात पाणी येते म्हणतात."

त्या महिन्याभरात आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पोस्टमन दाराशी आला की सासूबाई हात जोडायच्या, पुढं गेला की हात तसेच डोळ्यांना लावायच्या. मार्गशीर्ष लागला. पंचविशीला अकरा दिवस उरले असताना हुकूम आला. नेमणूक, स्टोअरमध्ये. मामंजींनी कागद तीनदा वाचला आणि पहिल्यांदाच त्यांना मुलाची थट्टा सुचली नाही. पुढं कळलं, की मधल्या साहेबांनी म्हटलं होतं, स्टोअरला असाच माणूस पाहिजे, जो न मोजलेलं मोजलं म्हणून सांगणार नाही.

पण नवीन माणसाला दुपारची पाळी द्यायची तिथली रीत. भाऊजींची ड्यूटी चार वाजता सुरू. ज्या जथ्याबरोबर दोन महिने फुकट गेले, तो जथा चारला बाहेर निघायचा आणि हे आत शिरायचे. दुपारी अडीचला, उन्हात, एकटे. सूर्य आता पाठीमागं असायचा, तो दोष तेवढा गेला. मी विचारलं, "रस्ता आवडला ना शेवटी?" तर म्हणाले, "दुपारचा मी पाहिला नव्हता." चाचा एका रविवारी घरी आले होते, चहा घेतला, मला म्हणाले, "बहूजी, इससे कहो अर्जी दे दे, सुबह की पाली माँग ले, मैं साहब से बोलूँगा." भाऊजी ऐकेनात. नवीन नोकरी, कच्चा माणूस, मागायचं कसं? पक्के झाल्यावर मागू.

पक्के व्हायला तीन वर्षं गेली, सकाळची पाळी मिळायला आणखी दोन. तोवर चाचा रिटायर होऊन गावी गेले. पाचसहा जणांना कारखान्याजवळ क्वार्टर मिळाले. एकानं स्कूटर घेतली. उरलेले इकडेतिकडे पांगले. सकाळच्या पाळीच्या पहिल्या दिवशी मी पाचाच्या आधी उठले, डबा केला. भाऊजींना घाई, जणू आजच नोकरी लागली. संध्याकाळी आले, तेव्हा मी विचारलं, "कसा होता रस्ता?"

क्लिपा काढता काढता म्हणाले, "मोकळा."

एवढंच. सात मैल मोकळा रस्ता मिळावा म्हणून लोक नवस बोलतील. आमचे भाऊजी दुसऱ्या दिवसापासून घरून वीस मिनिटं लवकर निघायला लागले, आणि सायकल मात्र हळू चालवायचे. मागून कोणी येत असेल, तर त्यानं गाठावं म्हणून.